यंदा नेवऱ्या नाहीत

लग्न होऊन मी पेडण्याजवळच्या हळर्णला आले, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंना कळून चुकले की सुनेला नारळ धड खवता येत नाही. आणि मला कळून चुकले की ह्या बाईचे तोंड बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यांचे नाव विमला. मी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याची, बी.कॉम. झालेली, एका खाणीच्या ऑफिसात काम करणारी. खाणी बंद पडल्या तशी माझी नोकरी गेली आणि दिवसभर घरात त्यांच्यासमोर वावरायची पाळी माझ्यावर आली.

जीव रमावा म्हणून मी ब्लॉग सुरू केला. सुरुवातीला अगदी नटूनथटून लिहायची. निसर्गरम्य गोमंतकातील पारंपरिक पाककृती, असे काहीबाही. वाचायला माझी बहीण आणि माझा नवरा गौरेश. त्यातही गौरेश न वाचताच लाइक करायचा, हे मी त्याला एकदा पकडून दाखवले होते.

मग एक दिवस माझी नेवरी कढईत फुटली. नेवरी म्हणजे करंजीच, पण आमच्या घरात करंजी म्हणायची सोय नव्हती. सासूबाई पाठीमागेच उभ्या होत्या. "तेल अजून थंड, आनी तू नेवरी सोडटा? ती न्हांवपाक वता काय गो?" नेवरीच्या आंघोळीपासून जे सुरू झाले ते माझ्या माहेरपर्यंत जाऊन परत आले. मी इतकी भडकले की त्या बोलल्या ते सगळे जसेच्या तसे, त्यांच्याच भाषेत, ब्लॉगवर टाकून दिले. वाटले, बघू दे जगाला मी काय सोसते ते.

जगाने पाहिले आणि जग खूश झाले. सकाळी उठून बघते तर नाशिकपासून अकोल्यापर्यंतच्या बायकांनी लिहिले होते. आजींना सांगा, माझीही तश्शीच फुटते. आजींना विचारा, सारण ओले झाले तर काय करायचे. एकीने तर चक्क लिहिले, मला असे ओरडणारे आता कोणी उरले नाही, अजून लिहा. सूनबाईंच्या दुःखाची कोणी चौकशीसुद्धा केली नाही.

तेव्हापासून आमचा धंदा सुरू झाला म्हणायला हरकत नाही. त्या रांधायच्या आणि ओरडायच्या, मी लिहायची. लोक वाचायचे आणि मग विकत मागायचे. आधी आमसुले मागितली, मग उन्हात वाळवलेल्या आंब्याच्या फोडी, मग चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, नेवऱ्या. सासरे शंभू हे बसचे निवृत्त कंडक्टर. डबे भरणे, सुतळी बांधणे हे खाते त्यांचे. मेजावर पार्सले मांडून ते पत्ते मोठ्याने वाचायचे, "चला, सांगली, सोलापूर, लातूर," आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "बस सुटली काय? मग आता जेवंक या." तिसऱ्या वर्षी चवथीच्या आधी महिनाभर घरात बसायला जागा नसायची, आणि गौरेश विजेच्या ऑफिसातून येऊन थेट नेवऱ्यांच्या कडा कातायला बसायचा.

त्यानंतरच्या आषाढात सासरे गेले. सकाळी पेज जेवले, जनेलाशी बसून पाऊस बघत होते, आणि तिथेच मान कलली. दवाखान्यात न्यायलाही त्यांनी वेळ दिला नाही.

सासूबाई रडल्या नाहीत. माणसे आली, गेली, बारावे झाले, तरी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. आधी मला वाटले, खंबीर आहेत. मग लक्षात आले की त्या बोलतही नाहीत. विचारले तर तेवढ्यापुरते उत्तर द्यायच्या. भात करपला तरी गप्प. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातले, तर दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठल्या. त्या दिवशी मी मागीलदारी जाऊन खूप रडले. ज्या ओरड्याला मी इतकी वर्षे वैतागले होते, तो ऐकू येईना तर घर मला खायला उठले.

श्रावण लागला आणि नेवऱ्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. आता आमच्या घराण्यात असे, की माणूस गेले की वर्षभर घरात गोडाचे तळण करत नाहीत. गणपती येतो, पण साधेपणाने. नेवऱ्या, मोदक शेजारीपाजारी आणून देतात आणि ते घरच्यांनी खायचे असते, नाही म्हणायचे नसते. पण ऑर्डरींचे काय करायचे? वर्षाची निम्मी कमाई त्या एका महिन्याची, आणि एकदा गिऱ्हाईक दुसरीकडे वळले की परत येत नाही. मी तोड काढली. शेजारच्या मालतीकाकींच्या चुलीवर तळायचे. तळण आपल्या घरात नाही, मग झाले तर.

सासूबाईंना विचारले. म्हटले आता तरी कडाडतील. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुका जाय तशें कर."

मी घाबरले. मला हवी तशी साधी कोथिंबीरही ज्या बाईने कधी चिरू दिली नाही, ती म्हणत होती, तुला हवे तसे कर. ऑर्डरी गेल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा मिळवता येतील. ही बाई अशीच आत आत जात राहिली तर तिला मी कुठून आणणार होते?

मालतीकाकींना नको म्हणून सांगितले, आणि त्या दुपारी ब्लॉगवर लिहिले. नटवायचे काही नव्हतेच. लिहिले की यंदा नेवऱ्या नाहीत. तुमचे डबे बांधणारे आमचे बाबा गेले. आमच्याकडे वर्षभर तळण नसते, शेजारी देतात ते आम्ही खातो. ज्यांनी पैसे भरले त्यांना ते परत पाठवते आहे. आई हल्ली काही बोलत नाहीत, त्यामुळे लिहायलाही काही नाही. एवढेच लिहिले आणि मोबाईल बाजूला ठेवला. खाली लोकांनी काय लिहिले ते बघायची छाती मला झाली नाही.

चवथ दोन दिवसांवर आली असताना पेडण्याहून कुरियरवाल्याचा फोन आला. "बाय, तुमचीं पार्सलां आयल्यांत. पोतेंभर जाल्यांत. न्हेवंक या."

"आमी खंय धाडल्यांत? परत कशीं येतलीं?" मी म्हटले.

"तें हांव कितें सांगूं? नांव तुमच्या सासूमांयचें आसा."

गौरेश पोते घेऊन आला तेव्हा त्याचाही चेहरा पडलेला होता. आम्हाला दोघांनाही वाटले, मागचा कसला तरी माल खराब निघाला आणि लोकांनी परत पाठवला. आधीच घर असे, त्यात हे. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. त्यांना कळू नये म्हणून आम्ही पडवीत बसून हळूच पहिला डबा उघडला.

आत नेवऱ्या होत्या. आमच्या नव्हेत. कुणीतरी बोटभर जाडीच्या, वेड्यावाकड्या केलेल्या. दुसऱ्या डब्यात पुरणाच्या होत्या, त्या प्रवासात आंबल्या होत्या. नाशिकच्या बाईने ओव्हनमध्ये भाजून पाठवल्या होत्या. ठाण्याहून कोणा एकट्या राहणाऱ्या गृहस्थाने पाठवलेल्यांचा सगळा चुराच झाला होता, आणि वर चिठ्ठी, की आयुष्यात पहिल्यांदा तळणीसमोर उभा राहिलो, आजींची माफी मागतो. सोलापूरच्या भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईने लिहिले होते, "आजी, तुमच्या घरी यंदा शेजारच्यांनी द्यायचे असते असे वाचले. आम्ही जरा लांबचे शेजारी आहोत. तुम्ही ओरडाल हे माहीत आहे, तरी पाठवते."

मला पुढचे वाचवेना. गौरेश चष्मा पुसत बसला. मी एवढ्या हिशेबी डोक्याने गिऱ्हाईक टिकेल का, गिऱ्हाईक तुटेल का, म्हणून जीव काढत होते, आणि ती माणसे तिकडे माझ्या सासऱ्यांसाठी कणिक मळत होती.

पोते ओढल्याच्या आवाजाने सासूबाई बाहेर आल्या. "ह्यो कोणाच्यो?" त्यांनी विचारले.

"आई, तुमचें वाचतात त्या लोकांनी धाडल्यात," मी म्हटले. "आपल्या घरात तळण ना म्हणून." आणि त्यांना सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. त्या खांबाला टेकून उभ्या राहून ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. सकाळीच मालतीकाकींनी नेवऱ्या आणून दिल्या होत्या, तेव्हा ह्यांनी रीत म्हणून कणभर जिभेला लावले होते आणि ताटली सरकवली होती. आताही तसेच होणार असे मी धरून चालले होते.

त्या खाली बसल्या. सोलापूरच्या डब्यातली एक नेवरी उचलली, उलटी करून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. मग दाढेखाली धरून तोडली. कटकन आवाज आला. बराच वेळ त्या चावत होत्या. मी आणि गौरेश एकमेकांकडे बघायलाही भीत होतो.

"मोहन घालूंक ना हिणें," त्या म्हणाल्या.

मी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या.

"तेल कडकडीत तापोवन पिठांत घालूंक जाय. कितले पावटीं सांगलां तुका, बरय म्हणून? बरयलें ना तुवें?" मी हे ब्लॉगवर लिहिले कसे नाही, म्हणून माझ्याकडे बघून डोळे वटारले. आषाढापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले होते. "आनी पीठ मळून झांकून दवरूंक ना. उक्तेंच दवरलां. म्हणूनच ही वहाणेसारकी जाल्या."

"बरयलां आई, पण तिणें वाचलें नासतलें," मी म्हटले.

"वाचूंक ना तर करता कित्याक?" आवाज चढायला लागला. तोच, पेडण्याच्या बाजारात ऐकू जाणारा. "असली नेवरी खावन हिच्या घोवाचे दांत पडटले. घोवाक असलें खावंक घालता आसत तर तो बिचारो..."

तिच्या नवऱ्यावर बोलता बोलता त्या थांबल्या. हातातल्या अर्ध्या नेवरीकडे बघत राहिल्या. आणि मग त्या अशा रडल्या की मालतीकाकी हातातले काम टाकून कुंपणाशी धावत आल्या. मी त्यांना जवळ घेतले. एवढी दांडगी बाई, माझ्या हातांत मावेल अशी झाली होती. गौरेश उठून त्यांच्या पायांशी येऊन बसला. कोणीच त्यांना गप्प करायला गेले नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसले. अर्धी नेवरी अजून मुठीतच होती. ती त्यांनी तोंडात टाकली आणि चावून चावून शेवटपर्यंत खाल्ली. मग भाग्यलक्ष्मीच्या चिठ्ठीखालचा नंबर मला दाखवला. "हिका फोन लाय."

"आताच? कितें सांगूं?"

"तू कितें सांगतली? तुका तरी खंय येता?" त्या म्हणाल्या. "दी हांगा. हांव उलयतां."

मी नंबर लावला आणि बोलायला फोन त्यांच्या हातात दिला.