लगोरीफोड्या ऑरिन

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा विल्डाने तो कानाआड केला. टक्. मग जरा वेळ शांत. मग पुन्हा टक्. मागच्या वळणापलीकडे कुठेतरी कुणीतरी दगडावर दगड ठेवावा तसा.

दुसऱ्यांदा आला तेव्हा मात्र ती थांबली.

"ऑरिन, ऐकलंस का रे?"

"काय?"

ऑरिन त्या क्षणी वाटेच्या खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या एका लगोरीला लाथ घालत होता. स्वतःच्या पुण्यकर्माच्या खडखडाटात त्याला दुसरं काय ऐकू येणार!

विल्डाचा हा नवरा नोकरीतून मोकळा झाल्यापासून घरात नुसता भिरभिरत होता. शेवटी तळ्याकाठच्या पार्कात तो स्वयंसेवक झाला. पार्कवाल्यांनी त्याला नारिंगी जाकीट दिलं. ते तो नाश्त्यालाही घालून बसायचा. प्रशिक्षणात पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्याच्या डोक्यात एकच शिरली: रानात माणसाने आपली खूण ठेवायची नाही. त्यापुढे ऑफिसातल्या मुलीने बजावलं होतं, की वाटेवरच्या काही लगोऱ्या पार्कानेच रचल्यात, हात लावण्याआधी विचारा. तेव्हा ऑरिन जाकिटाची चेन लावत होता.

पार्कातल्या या कोरड्या टेकड्यांत सरळ वाट अशी नाहीच. एका घळीतून वर चढायचं, दुसरीत उतरायचं, तिथून तिसरीत. कुठे चढायचं ते दगडांच्या लगोरीवरून कळतं. आणि घळीघळीने खाली गेलं तर शेवटी कोरड्या धबधब्याचा कडा लागतो, तिथून पुढची वाट फक्त गिधाडांची.

"ही तरी राहू दे," विल्डा प्रत्येक लगोरीपाशी म्हणत होती. "परत येताना लागेल."

"वाट माझ्या डोक्यात आहे."

"मागच्या आठवड्यात सुपरमार्केटबाहेर तू कुणाच्या तरी गाडीला चावी लावून कुलपाला शिव्या देत होतास. तेच डोकं ना?"

 ऑरिन दगड भिरकावण्यात गुंग होता. एक इकडे, एक तिकडे, मग चार पावलं मागे जाऊन डोळा बारीक करून बघायचं. "निसर्गाने टाकल्यासारखे दिसायला हवेत," तो म्हणाला.

टक्.

आता त्यानेही ऐकलं. त्याचा हात हवेतच राहिला.

"खडक तापतात आणि तडकतात," तो म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता.

"मग ते आपल्यामागून चालत कसे येतात?"

गाडी लावली तिथली पाटी दोघांनाही आठवली. पाटीवर पिवळ्या डोळ्यांचा प्यूमा, म्हणजे इकडचा बिनठिपक्यांचा बिबट्या, होता आणि खाली सूचना होत्या: पळू नका. अंग मोठं दाखवा. मोठ्याने आवाज करा. सकाळी ऑरिन त्या पाटीशेजारी उभा राहून फोटो काढून आला होता, प्यूमासारखा जबडा वासून.

"परत फिरू या," विल्डा म्हणाली.

"परत म्हणजे त्याच्याकडेच ना!"

तेही खरंच होतं. दोघं पुढे निघाली, पळत नव्हती, पण त्याला चालणं म्हणणंही अवघड होतं. एका घळीत उतरली, भलतीच चढली, तिसरीत शिरली. वाटेत लगोरी दिसली, की तेवढ्या घाईतही ऑरिनचा पाय सवयीने लागायचाच. कडे जवळ आले. ऊन वर कड्याच्या काठाशी उरलं आणि खाली गार सावली भरायला लागली. बाटलीत घोटभर पाणी होतं, ते दोघं एकमेकांना देत होती, आणि दोघांनाही ते हवं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे कड्यापलीकडून तळ्यावरची बदकं ऐकू येत होती. कुणीतरी कांदा परतत होतं, त्याचा वास वाऱ्यावर येत होता. तिकडे लोक हातात कागदी बशा घेऊन मांस भाजायची वाट बघत होते, आणि इकडे आपण कुणाच्या तरी बशीत पडणार, असं विल्डाला वाटलं. अंधाराच्या आत बाहेर पडलो नाही तर संपलंच.

टक्. अगदी जवळ.

"मोठं हो!" विल्डा किंचाळली.

ऑरिनने नारिंगी जाकीट डोक्यावरून वर ताणलं. विल्डा दगडावर चढली आणि चालायच्या काठ्या शिंगांसारख्या पसरून उभी राहिली. आता आवाज करायचा. पण काय बोलायचं? घाबरलेल्या माणसाला कधी काय आठवेल सांगता येत नाही. ऑरिनला टीव्हीवरच्या गादीच्या दुकानाची जाहिरात आठवली.

"गादी घ्या, उशी फुकट!" तो जाकिटाच्या आतून गरजला. "गादी घ्या, उशी फुकट!"

"उशी फुकट!" विल्डा रडत रडत ओरडली.

वळणावरून एक दगड भिरभिरत आला आणि ऑरिनच्या पोटावर आदळला.

"चालता हो, सैताना!" मागोमाग आवाज आला. "माझ्याकडे अजून दगड आहेत!"

प्यूमा दगड मारत नाही, एवढं विल्डाला माहीत होतं. तिने काठ्या खाली केल्या. वळणावर मोठी गवती टोपी घातलेली एक म्हातारी हातात दगड घेऊन उभी होती. ही कॉरा हॅल्वरसन. पार्काच्या फाटकाजवळच राहायची आणि जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांवर डाफरायची.

"अगंबाई, माणसंच की!" कॉरा म्हणाली. "मला वाटलं, बिनडोक्याचं काहीतरी नारिंगी आलंय. बाहेर ये रे, मेल्या. तूच ना तो लाथाड्या? सकाळपासून तुझ्या मागे आहे. तू पाडायचंस, मी रचायचं. वाकून वाकून कंबरेचा पार काटा ढिला झाला माझ्या!"

विल्डाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने म्हातारीला मिठीच मारली. "कॉराबाई, देवासारख्या आलात. चला, तुमच्या लगोऱ्या बघत बघत परत जाऊ."

कॉराने टोपी सारखी केली. "त्यांच्यावर नका जाऊ."

"का?"

"डॉक्टरने उन्हात वाकायला मनाई केलीय मला. दगड गोळा करते आणि सावली असेल तिथे रचते."

ऑरिनने जाकीट डोक्यावरून खाली ओढलं.

"म्हणजे त्या लगोऱ्या वाट दाखवत नाहीत?" ऑरिनने विचारलं.

"सावली दाखवतात."

"आणि तुम्हाला वाट?"

"मला कशाला वाट? मी तुझं नारिंगी ढुंगण बघत आले."

विल्डाला वाटलं, त्यापेक्षा प्यूमा परवडला असता. निदान त्याला घरची वाट तरी माहीत असते. तेवढ्यात वरच्या कड्यावरून मूठभर खडी घरंगळत खाली आली. तिघांनी वर पाहिलं. वर कुणीच नव्हतं. खडी मात्र आणखी थोडी आली.

विल्डा मटकन खाली बसली. बसली ती टोकदार दगडावरच. तिने तो रागाने उपसून फेकला, आणि तो पालथा पडला तसा एकदम पांढुरका दिसला. तिने आजूबाजूला पाहिलं. सगळे दगड वरून काळपट, वर्षानुवर्षं उन्हात करपून तव्यासारखे झालेले. पोटाकडून मात्र फिके. आणि मागे, घळीच्या वळणाशी, सावलीतही पाच-सहा दगड बेडकासारखे पोट वर करून पडले होते.

"ऑरिन! ते तू फेकलेस का?"

ऑरिनने मान ताणून पाहिलं. "तो लांबचा माझाच. चांगला पडला होता."

"निसर्गाने टाकल्यासारखा! मूर्खा, तू फेकलेला प्रत्येक दगड पोट वर करून पडलाय. कॉराबाईंना सगळे थोडेच सापडले असणार. जिथे पांढरी पोटं, तिथे चढायचं!"

खूण ठेवायची नाही म्हणणाऱ्या माणसाने सगळ्या रानात आपली खूण करून ठेवली होती. ते त्याला सांगायला मात्र कुणाला वेळ नव्हता. विल्डा पुढे, कॉरा मधे, आणि वरून खडी पडत होती म्हणून ऑरिनला मागे ठेवलेलं. संधिप्रकाश विरत चालला तशी ती फिकी पोटं आणखीनच उठून दिसायला लागली. एका घळीतून वर, दुसरीत खाली. मधे कॉराची सुबक लगोरी दिसायची, भलत्याच कड्याखाली, सावलीत. तिघंही तिच्याकडे न बघता पुढे जायची. विल्डाची छाती इतकी धडधडत होती, की मागे आणखी काही वाजतंय का हे तिला कळेना. विचारायचा धीरही होईना.

शेवटच्या चढावर तळं दिसलं. गवत, बाकं, बदकं, आणि कुणाच्या तरी गाडीचा लाल दिवा. विल्डाला वाटलं, बदकांच्या पाया पडावं.

कॉरा मात्र थांबली. घळीच्या तोंडाशी तिने खाली पडलेले दगड गोळा करून भराभर रचले. सवयीने ऑरिनचा पाय उचलला गेला. विल्डाने नुसतं पाहिलं. पाय खाली आला. ऑरिनने वाकून एक चपटा दगड उचलला, पांढरं पोट खाली केलं आणि अलगद लगोरीवर ठेवला.

"जमतंय की लेकाच्याला," कॉरा म्हणाली.

तेव्हा मागच्या अंधाऱ्या घळीतून आवाज आला.

टक्.

लगोऱ्या रचणारी इथे उभी होती. पाडणाराही इथेच होता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं, पळू नका. तिघंही पळाली. सगळ्यात पुढे ऐंशीच्या घरातली कॉरा होती, टोपी एका हातात धरून, आणि सगळ्यात मागे ऑरिन जाकीट डोक्यावर ताणून जिवाच्या आकांताने ओरडत होता, "उशी फुकट! उशी फुकट!"