राजानं अजून उत्तर दिलेलं नाही

साहेब, तुम्ही खोटं लिहून घेतलंत. एका आईसमोर, एका बापासमोर, टेबलावर चहाचा कप ठेवून लिहून घेतलंत. तुम्हाला वाटलं, खोलीत साक्षीला कुणी नाही. पण मी होतो. कोपऱ्यात, ओल्या गाठोड्यासारखा पडलो होतो. तुमच्या इशाऱ्यावर मला सुतळीनं बांधलं, गळ्यात चिठ्ठी अडकवली आणि चौकीच्या या कोंदट खोलीत फेकलं. फाटक्या कापडाला तोंड नसतं, असा तुमचा समज होता.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा. पण तुम्ही थिएटरात पाहता तसा लाल मखमली नव्हे. माझा जन्म येरवड्याच्या एका वस्तीत झाला, बुद्धविहाराच्या ओट्यावर. वस्तीतल्या मंदाकिनीताई टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. सुट्टीच्या दिवशी त्यांनी गल्लीतली पोरं गोळा करून नाटक मंडळी काढली. नाटक बसलं, पोरं तयार झाली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पडदाच नाही. तेव्हा गल्लीतल्या बायकांनी घराघरातून जुनी लुगडी आणली. कुणी जयंतीच्या मिरवणुकीत नेसलेलं निळं, कुणी बाळंतपणातलं, कुणी धम्मदीक्षेचं पांढरं, जिवापाड जपलेलं. गोधड्या शिवणाऱ्या गोदाबाईंनी ती सगळी जोडली.

"मंदे, हा पडदा हाय का गावजेवणाचा मांडव? संपता संपंना!" गोदाबाई कुरकुरायच्या, आणि पुन्हा सुईत दोरा ओवायच्या.

असा मी झालो. माझ्या अंगात किती घरं होती, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आमचं एक नाटक फार चालायचं. तहानलेल्या राजाचं. राजाला अशी तहान लागते की गावातल्या सगळ्या विहिरी तो एकटाच पिऊन टाकतो. शेवटी सगळ्यात लहान पोर रिकामी घागर घेऊन पुढे येतं आणि विचारतं, "राजा, आमचं पाणी कुठंय?" आणि इथे आमची रीत होती. राजानं खरं उत्तर दिल्याशिवाय पडदा पाडायचा नाही. राजा काहीबाही थापा मारायचा. "सूर्यानं प्यायलं!" की प्रेक्षकातली पोरं ओरडायची, "खोटं!" "बेडकांनी चोरलं!" "खोटं!" राजा घामाघूम व्हायचा. शेवटी मुकुट काढून म्हणायचा, "मी प्यायलो. चुकलो." मग कुठे माझी दोरी सुटायची. कधी राजा हट्टाला पेटला तर मी तासभर उघडाच.

पहिला राजा म्हणजे शकू. गल्लीतली सगळ्यात तोंडाळ पोरगी. एकदा शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात आमचा खेळ लागला. तिथल्या व्यवस्थापकानं मला बघून नाक मुरडलं. "अहो, ही गोधडी बाहेर वाळत घाला." खेळानंतर एक बाई शकूचा गाल कुरवाळत म्हणाल्या, "वस्तीतली असून किती शुद्ध बोलतेस गं!"

शकू म्हणाली, "आणि तुम्ही बंगल्यातल्या असून किती वाकडं बोलता हो! एवढंच बोलून थांबा."

ताईंनी तिचा कान धरला खरा, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

मग दिवस बदलले. खराडीकडे ज्वारीची रानं होती, तिथे काचेच्या इमारती उगवायला लागल्या. कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार म्हणून पेपर ओसंडून वाहत होते. त्या काचा बसवणारी माणसं नांदेड, परभणी, यवतमाळकडून आली होती. इमारतीच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांत राहायची. त्यांच्या पोरांना शाळा नाही, अंगण नाही, खेळायला वाळूचा ढीग. ताईंनी मला टेम्पोत टाकलं आणि आम्ही दर रविवारी तिकडे जायला लागलो. शकू आता मोठी झाली होती, ती पोरांना शिकवायची. बांबूंना बांधून मला उभा करायचे. माझ्या अंगावर सिमेंट बसायचं, पण मित्रांनो, माझ्या आयुष्यातले तेच खरे दिवस.

तिथे मंडळीला एक नवी रीत लावून घ्यावी लागली. स्लॅब संपला की मुकादम माणसं दुसऱ्या साइटवर हलवायचा. आज राजा झालेला पोरगा पुढच्या रविवारी गायब. निरोप नाही, पत्ता नाही. म्हणून ताईंनी ठरवलं, प्रत्येकानं प्रत्येक काम पाठ करायचं. खेळाआधी ताई विचारायच्या, "राजा कोण?" जो आधी "मी!" ओरडेल तो राजा. "विहीर कोण?" "मी!" कुणी गेलं म्हणून खेळ अडायचा नाही. पेपरात या रीतीचं कौतुक छापून आलं. ताईंना अभिमान होता तिचा. माझ्या अंगावर काटा येतो आता, ती रीत आठवली की.

भागी त्या पोरांतली. भाग्यश्री. नांदेडकडची, वैजनाथ आणि चंद्रभागाची एकुलती एक. बाप सेंट्रिंगच्या कामावर, आई विटा वाहायची. भागी माझ्या मागे येऊन बसायची आणि माझ्यातलं निळं ठिगळ बोटांनी चाचपत सगळ्यांची वाक्यं पुटपुटायची. तिला ते शेवटचं काम हवं होतं. घागरीचं. पण ओरडण्यात ती मागे पडायची. तिच्या तोंडून "मी" निघेपर्यंत अक्षता ओरडून मोकळी झालेली असायची. अक्षता म्हणजे वॉचमनची पोरगी, चुणचुणीत.

"ताई, मला बी येतंय की समदं," भागी एकदा रडवेली होऊन म्हणाली.

"मग ओरड ना. पुढच्या वेळी अशी ओरड की वरच्या मजल्यावरचा गवंडी खाली बघेल."

भागी आठवडाभर वाळूच्या ढिगावर उभी राहून "मी! मी!" ओरडत होती म्हणे. चंद्रभागा सांगायची, "कान किटले आमचे."

इमारत पुरी झाली. उद्घाटनाला आमचा खेळ ठेवायचं तुमच्या, म्हणजे इमारतीच्या मालकांच्या, मनात आलं, साहेब. कामगारांच्या मुलांसाठी आपण काय काय करतो, ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. ताईंनी एकच अट घातली. "या पोरांना शाळेसाठी एक खोली द्या." तुम्ही म्हणालात, "बघू ना. खेळ तर छान होऊ द्या."

त्या दिवशी दारात कारंजं सुरू होतं. पाहुण्यांसाठी. त्यासाठी कामगारांच्या खोल्यांकडचा नळ सकाळपासून बंद ठेवला होता. पोरं धुळीनं माखलेली. ताई रंगाचा डबा उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी तोंडं धुऊन या रे सगळे." पोरं नळावर गेली. नळ कोरडा. मग ती इमारतीच्या मागे पळाली. तिथे जमिनीत खोदलेला हौद होता, स्लॅबवर पाणी मारायचा. काठोकाठ भरलेला. काठ शेवाळलेला. उघडा.

पोरं निथळत परत आली. दंगा, धक्काबुक्की, रंगासाठी भांडणं. बाहेर पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, तुमचा माणूस घड्याळ दाखवत होता.

"राजा कोण?" ताईंनी विचारलं.

"मी!"

"विहीर कोण?"

"मी! मी!"

"घागर कोण?"

कुणीच बोललं नाही. भागी ओरडणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. आठवडाभर सगळ्यांनी ऐकलं होतं. अक्षतासुद्धा ओठ दाबून थांबली होती. ताईंनी पुन्हा विचारलं, "घागर कोण? चला, लवकर!" तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, साहेब आलेत." तेव्हा अक्षता हळूच म्हणाली, "मी."

आणि खेळ सुरू झाला. खेळ अडायचा नाही, ही आमची रीत.

खेळ रंगला, मित्रांनो. खोटं कसं सांगू? पाहुणे हसले, "खोटं! खोटं!" म्हणून पोरांबरोबर ओरडले. शेवटी राजानं मुकुट काढला, मी पडलो, टाळ्या झाल्या. मग तुम्ही माईक घेतलात, साहेब. तुमचं वाक्य माझ्या धाग्याधाग्यात रुतलंय. "या मुलांकडून शिका. एक नसला तर दुसरा तयार. काम थांबत नाही. आपल्या कंपनीचंही हेच सूत्र आहे."

तेवढ्यात चंद्रभागा मागच्या बाजूनं आली. हात अजून विटकरीनं लाल. तिला मुकादमानं उशिरा सोडलं होतं.

"ताई, झालं का वो माझ्या भागीचं काम? मला बघायला गावलंच नाही."

ताई म्हणाल्या, "भागी आज आलीच नाही ना. मला वाटलं, तुम्ही हलला."

"आली की! मीच तर येणी घालून धाडली. लाल रिबिनीची."

शकूच्या हातातली माझी दोरी गळून पडली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग अक्षता म्हणाली, "ती हौदावर होती. माझ्या मागं होती."

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही लहान आहात. पण सांगतो, कारण भागीही लहान होती. पाण्यावर लाल रिबीन होती. वैजनाथनं उडी टाकली. चंद्रभागानं दोन्ही हातांनी मला बांबूवरून ओढलं. माझ्या कड्या तुटल्या, शिवण उसवली. तिनं मला भागीभोवती गुंडाळलं, निळं ठिगळ तिच्या गालाशी आलं. इतकी वर्षं मी पोरांच्या समोरून बाजूला होत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी एका पोराला झाकलं.

पुढच्या दारात कारंजं चालूच होतं.

पोलीस चौकीत लिहिणाऱ्या हवालदाराशेजारी बसून तुम्हीच विचारलंत, "कामाच्या जागेवर मुलं जमवली कुणी?"

ताई म्हणाल्या, "मी."

"तोंड धुवायला पाठवलं कुणी?"

"मी."

"मूल कमी आहे हे न बघता नाटक केलं कुणी?"

ताईंनी चंद्रभागाकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मी."

तीन वेळा "मी". आमच्या पोरांसारखंच. लिहिणाऱ्याचं पेन भराभर चाललं. मग ताई म्हणाल्या, "पण साहेब, नळ बंद होता. आणि हौदावर झाकण नव्हतं." पेन थांबलं. लिहिणाऱ्यानं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चहाचा घोट घेतलात. वैजनाथ हात जोडून म्हणाला, "एवढं तरी ल्ह्या वो." पेन उचललं गेलं नाही. तुम्ही म्हणालात, "पोरगी खेळता खेळता पडली."

मी पुरावा म्हणून इथे आलो. कशाचा पुरावा, ते कुणी विचारलं नाही. मंडळी बंद पडली. पोरं पांगली. वैजनाथ आणि चंद्रभागाला मुकादमानं त्याच आठवड्यात दुसऱ्या साइटवर नेलं. त्यांच्या जागी दुसरी माणसं आली. काम थांबलं नाही. ताई घराबाहेर पडत नाहीत. उंदरांनी माझा पांढरा भाग खाल्ला आहे, गोदाबाईंची शिवण तेवढी टिकून आहे.

शकू मधूनमधून चौकीत येते. आता ती त्याच काचेच्या इमारतीत नोकरी करते, कानाला फोन लावून परदेशातल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकते. हौद बुजवून वर हिरवळ केली आहे, असं ती सांगत होती. मधल्या सुट्टीत लोक तिथे डबा खातात. ती खात नाही.

"आमचा पडदा द्या," ती म्हणते.

"काय करणार त्याचं? पायपुसणी?" हवालदार म्हणतो.

"पाडायचा राहिलाय."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मला जपू नका. माझं जे व्हायचं ते झालं. तुम्ही फक्त एवढं करा. तुमच्या वर्गात, तुमच्या रांगेत, तुमच्या खेळात एखादी जागा रिकामी दिसली, तर ती भरण्याआधी थांबा. ती कुणाची आहे ते विचारा. खेळ अडला तर अडू द्या. आम्ही अडू दिला नाही.

आणि साहेब, तुम्हाला आमची रीत माहीत आहे. तुम्ही स्वतः पहिल्या रांगेत बसून पाहिली आहे. पोरगी खेळता खेळता पडली, म्हणता? खोटं. ताईंची चूक, म्हणता? ताईंनी आपली कबूल केली. आता तुमची पाळी. मी उंदरांनी खाल्लेला असेन, सुतळीत बांधलेला असेन, पण मी उघडाच आहे. रिकामी घागर घेऊन कुणीतरी अजून तुमच्यासमोर उभं आहे, लाल रिबिनीची वेणी घालून.

बोला साहेब. हौदावर झाकण का नव्हतं?