डीकनने आधी उतरायचं

लूकस शिरसाठ गेले. शारजातल्या रोल्ला भागात त्यांच्या दोन खोल्यांत मंडळी जमली आणि प्रार्थनेआधीच कुजबुज सुरू झाली, ती एकाच गोष्टीची. कबरीत उतरणार कोण?

नगरकडच्या त्यांच्या खेड्यातल्या चर्चची रीत जुनी होती. पेटी सोडण्याआधी डीकनने, म्हणजे पाळकांच्या मदतनीसाने, कबरीत उतरायचं, पायांनी तळ चाचपायचा आणि खालून म्हणायचं, "जागा तयार आहे." मगच पाळकांनी पुस्तक उघडायचं. शारजात येऊनही लूकसनी ती रीत सोडली नाही. आठवडाभर गोदामात स्टोअरकीपर, सुट्टीच्या दिवशी डीकन. ज्यांचं इथे कोणीच नव्हतं अशा कितीतरी जणांना त्यांनी या वाळूत नीट निजवलं होतं. मलाही गावी नेऊ नका, यांच्यातच ठेवा, असं त्यांनी प्रमिलाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, बजावलं होतं.

रीत कुठून आली, तेही ते सांगायचे. मिशनच्या सुरुवातीला एल्काना पिअर्स नावाचा अमेरिकन डीकन बोटीने आला. मूळचा सुतार. पटकीच्या साथीत पेट्या तोच ठोकायचा आणि खड्ड्यात आधी तोच उतरायचा, कारण दुसरं कोणी धजत नसे. शेवटी पटकीने त्यालाही नेलं. त्याच्यासाठी मात्र कोणी उतरलं नाही. पेटी खाली तिरकी बसलेली सगळ्यांनी पाहिली आणि तशीच माती लोटली. दर पावसाळ्यात ती कबर खचायची. लोक भरायचे, ती पुन्हा खचायची. लहानपणी या गोष्टीने प्रमिलाची झोप उडायची. पुढे पुष्कळ वाचल्यावर तिला वाटू लागलं, गावाने आपल्या शरमेपोटीच ही गोष्ट रचली असणार.

पण मार्चमध्ये एका तरुण नर्सला पुरून पप्पा घरी आले ते पायांची वाळूही न झटकता.

"पाय टेकले गं," ते म्हणाले, "पण तळ लागला नाही. आणि सगळे खोळंबले होते, म्हणून मी 'तयार आहे' म्हणून टाकलं."

त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत. ते बोलणं मंडळीत कसं पसरलं कोण जाणे, पण पसरलं.

दफनभूमीत नवा डीकन नागेश कबरीच्या कडेला आला. त्याने बूट काढले, आत डोकावला आणि बूट पुन्हा चढवले.

"ताई, रागावू नका. माझी पोरं लहान आहेत."

"गावाकडे असतास तर उतरला असतास," मागून एक म्हातारी म्हणाली. "इकडे एसीत बसून पाय नाजूक झाले तुझे."

"मग तुम्ही उतरा ना, मावशी!"

कोणी हसलं नाही. पाळक हळूच म्हणाले, "या वेळेस राहू द्या. इथे टाइम लिमिट असते. देव सगळं बघतो."

"देव बघतोच," प्रमिला म्हणाली. "तळ आपण बघायचा असतो." तिने चपला काढल्या.

दफनभूमीवर देखरेख करणारा रफिक, रत्नागिरीकडचा, पुढे आला. "आपा, लेडीज कोणी उतरत नाही. ही रेती आहे, हिचा भरोसा नाही."

"शिडी धरा तुम्ही."

खाली हवा अशी नव्हतीच. वर आकाशाची पांढरी पट्टी, तिच्या कडेने वाकलेली डोकी. उशाकडे तळ घट्ट होता, मध्येही घट्ट. पायथ्याशी मात्र तिची टाच आत गेली, मग घोटा. बाहेर ऊन भाजत होतं आणि ही वाळू गार होती. डाव्या भिंतीतून ती झरत होती, सारखी, आवाज न करता. त्या भिंतीपलीकडे कोण आहे, हे प्रमिलाला ठाऊक होतं. मार्चमधली ती नर्स.

"ताई, बोला ना," पाळकांचा आवाज आला. "तयार आहे ना?"

पप्पांची पेटी पट्ट्यांवर तोलून धरलेली होती. दोन शब्द उच्चारले की ते आपल्या माणसांत गेले असते. नाही म्हटलं की पुन्हा शवागाराचा खण.

"जागा तयार नाही."

"अहो, गेट बंद होईल!"

"तयार नाही म्हटलं ना! मला वर घ्या."

शिडीचा एक पाय वाळूत रुतला, शिडी कलली. नागेश कडेला पालथा पडला आणि त्याने तिचं मनगट धरलं. ती गुडघ्यांवर वर आली, तोच मागे भिंत बसली. धप्पकन नव्हे, कोणी अंगावर पांघरूण ओढून घ्यावं, तेवढाच आवाज झाला. मोकळ्या झालेल्या वाळूत एका पेटीची पांढरी कड दिसत होती. तिरकी.

म्हातारीने तोंडाला पदर लावला.

"खलास," रफिक म्हणाला. "आज काहीच नाही. या पोरीची पेटी आधी सरळ करू. बाबांचं उद्या, दुसऱ्या जागी."

पप्पांना पुन्हा गाडीत ठेवलं. उद्या किती वाजता, एवढंच सगळ्यांनी विचारलं. कोण उतरणार, हे कोणी विचारलं नाही. नागेशने वाकून प्रमिलाच्या चपला झटकल्या आणि तिच्या पायांपुढे जुळवून ठेवल्या, पप्पा कबरीतून वर आले की त्यांच्या ठेवायचा तशाच.