कुंचीचं वजन

श्रिया रडत नसे, हीच तिची शहाडच्या चाळीत ख्याती होती. "काय गुणाचं लेकरू," असं म्हणत शेजारणी तिच्या गालाला बोट लावत, आणि त्यांची पाठ वळली की उत्तराबाई मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढायला धावत. नातीचं कौतुक त्यांना हवंही असे आणि त्याची भीतीही वाटे. समीक्षा पहिलटकरीण. बाळ सहा-सहा तास झोपतंय म्हटल्यावर तिलाही बरंच वाटायचं. झोपलेल्या पोरीला कोण कशाला उठवेल?

खडवलीला माहेरी असताना दीड महिन्याच्या श्रियाचं वजन उघड्या अंगाने झालं होतं, चार किलो शंभर. मग सासरी बारसं झालं. मामाने वाळे आणले, आत्याने बिंदल्या, कमरेला चांदीचा करदोटा आला. उत्तराबाईंनी फर्मान काढलं, "परक्या काट्यावर उघडं लेकरू ठेवायचं नाही. दृष्ट लागते." अडीच महिन्यांच्या लशीला दवाखान्यातल्या गर्दीत कुणी वाद घातला नाही. कुंचीसकट वजन झालं, चार सहाशे. वाढलं की, म्हणून सगळे खूश.

साडेतीन महिन्यांची लस अंगणवाडीत होती. सासूसून दोघी गेल्या. सेविका दर्शनाताईंनी कुंचीसकटच काट्यावर ठेवू दिलं. चार आठशे. त्यांनी कार्डाच्या तक्त्यावर ठिपका दिला, मागच्या दोन ठिपक्यांना जोडला आणि पेन तसंच धरून थांबल्या.

"ही रेघ बघ. या हिरव्या पट्ट्यासारखी वर चढायला हवी. तुझी आडवी पडायला लागलीय."

"पण वजन तर वाढलंय ना, ताई?"

"वाढलंय. पण पोरीचं की चांदीचं ते बघू. सगळं काढ."

"अहो, काहीतरीच काय," उत्तराबाई म्हणाल्या. "दहा जणी बसल्यात इथे."

समीक्षाने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा त्या आडव्या रेघेकडे. आजवर तिने त्यांचा शब्द मोडला नव्हता. "आई, नंतर हवी तेवढी दृष्ट काढा," ती हळूच म्हणाली आणि वाळे उतरवू लागली. करदोटा, बिंदल्या, ओला लंगोट, झबलं, कुंची, सगळं निघालं.

चार किलो तीनशे.

दर्शनाताईंनी मग रिकाम्या काट्यावर त्या कपडे-दागिन्यांचं गाठोडं ठेवलं. अर्धा किलो. नवा ठिपका कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात पडला. दोन महिन्यांत पोर जेमतेम दोनशे ग्रॅम वाढली होती.

उत्तराबाईंनी काट्यावरचं गाठोडं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

"माझंच दूध कमी असणार," समीक्षा म्हणाली.

"आधी पाज बघू माझ्यासमोर." ताई शेजारी बसल्या. श्रियाने दोन-चार घोट घेतले आणि डोळे मिटले. "बघितलंस? नुसतं टोक चोखतेय, दमतेय, झोपतेय. तिचं पोट तुझ्या पोटाला लाव. तोंड मोठं उघडू दे, मग घे. तळपायाला गुदगुल्या कर. दर दोन-तीन तासांनी उठवायचं, रात्रीसुद्धा. गुणी नाही गं ती, उपाशी आहे. आणि आजच डॉक्टरांना दाखव."

समीक्षाचा नवरा प्रीतम कोलशेतच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. कल्याणच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. आजार काही नव्हता. त्यांनीही ताईंसारखंच पाजायला सांगितलं आणि आठवड्याने बोलावलं. आठवड्यात वजन दोनशे ग्रॅम वाढलं. श्रिया आता भूक लागली की असा टाहो फोडायची की शेजारीण म्हणाली, "काय गं, बिघडली वाटतं तुझी पोर?" समीक्षाला तो टाहो गोड वाटला. पोर मांडीवर घटाघटा पिताना तो पेन धरून थांबलेला हात तिला आठवायचा, आणि डोळे आपोआप भरायचे.

महिन्याने ती ताईंसाठी नारळाच्या वड्या घेऊन अंगणवाडीत गेली.

"मला कशाला? तू खा, पाजतेस," म्हणत ताईंनी एक उचललीच.

समीक्षा वाळ्यांना हात घालणार तोच उत्तराबाई पुढे झाल्या. त्यांनी एकेक दागिना उतरवून आपल्या रुमालात बांधला, कुंची काढली, लंगोटही सोडला. मनगटातल्या काळ्या दोऱ्याशी मात्र थबकल्या.

"हा राहू दे का हो, ताई? याला वजन नसतं."

"राहू दे, आजी."

पाच किलो दोनशे. ठिपका हिरव्यात पडला. उत्तराबाईंनी चष्मा पुसून रेघेवरून बोट वर नेलं, आणि तिथल्या तिथे दर्शनाताईंच्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.