रिकामा खिळा

थोरल्या भावाला घरात मी दादा म्हणायचे. बाहेर सगळं बंदर म्हणायचं. जहाजातलं काय कागदावर येईल आणि काय परस्पर जाईल, हे तो ठरवायचा. पण कुणाला संपवा, असं तो तोंडाने कधी बोलला नाही. गोदामाच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती. पोती ओढायचा लोखंडी आकडा ज्याचा त्याच्या खिळ्यावर. दादा संध्याकाळी एखादा आकडा काढून न्यायचा. सकाळी खिळा रिकामा दिसला की माणसं समजायची. त्याला मासे मोजायला पाठवलं, म्हणायचे.

हे मला ठाऊक होतं. पण ते दुसऱ्यांच्या घरचं होतं.

आमचे हे दादाच्याच टोळीत हमाल. यांच्या आकड्याची मूठ सैल होऊन तळहाताला फोड आले होते. एका संध्याकाळी मी गोदामात यांचा रिकामा डबा आणायला गेले, तेव्हा आकडा खिळ्यावरून काढून पिशवीत घातला आणि सुताराकडे टाकला. म्हटलं, उद्या आयता हातात देईन.

सकाळी मुकादमाची बायको धापा टाकत आली. यांना धक्क्यावर बसवून ठेवलं होतं, दुपारच्या भरतीला लाँच सुटणार होती. मी तशीच दादाकडे पळाले. तो तापाने फणफणला होता, वहिनी कपाळावर पट्ट्या ठेवत होती. सगळं सांगितलं. म्हटलं, तू नुसता चल, चूक माझी आहे म्हणून सांग.

त्याने वहिनीला बाहेर जायला सांगितलं.

"बये, हा खिळा चुकला म्हटलं, तर मागचे बरोबर होते का, असं विचारतील."

"विचारू देत. मी तुझी पाठची बहीण आहे."

"म्हणून तर. परकी असतीस तर आलो असतो. आता बहिणीसाठी वाकला म्हणतील."

मी पाय धरले. त्याने ते ओढून घेतले नाहीत, आणि तो उठलाही नाही. खिडकीतून भरतीचं पाणी चढताना दिसत होतं.

पुढे चौदा वर्षं तो जगला. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा. पण मी पहिला घास घेईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. बहिणीचा मान राखतात, म्हणून वहिनी चिडवायची. भीती कशाची, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. भूक नसली तरी मी पहिला घास घ्यायचे.