ट्रकच्या लायनीत नवी गाडी

नवी गाडी घेतली की माणसाच्या अंगात येतं म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या, सत्यजीतच्या अंगात शोरूमच्या दारातच आलं. हार घातलेली ती पांढरी, उंच डिझेल गाडी रस्त्याला लागली आणि ह्याला समोरचं कुणी दिसेनासं झालं. मागच्या सीटवर मी आणि माझ्या सासूबाई, कस्तुराबाई. त्यांना मी आत्या म्हणते. माझ्या मांडीवर पेढे आणि नारळ, त्यांच्या मांडीवर पूजेचं ताट. आमच्या गावी, निमोण्याला पोचून गाडी ग्रामदेवतेला दाखवायची आणि मग जेवायचं, असा बेत होता.

शोरूमवाले टाकीत डिझेल घालतात ते पंपापर्यंत पोचण्यापुरतं. म्हणजे नवी गाडी देवाच्या आधी पंपाच्याच पाया पडते. शिरूरच्या अलीकडे आम्ही वळलो तर पंपावर जत्रा भरलेली. लग्नाची तीथ होती, त्यात रविवार. छोट्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. पलीकडे ट्रकचा पंप वेगळा. तिथून उसाचे दोन ट्रॅक्टर नुकतेच हलले होते. सत्यजीतने ती मोकळी जागा बघितली आणि स्टिअरिंग फिरवलं.

"अहो, ती ट्रकची लाईन आहे," मी म्हणाले.

"डिझेल ते डिझेल. ट्रकसाठी काय येगळ्या हिरीतनं काढत्यात?"

पंपावरचा दत्ता हात हलवतच पुढे आला. सत्यजीत त्याला नावानं ओळखत होता, म्हणून तर जोर जास्त.

"दादा, हितं नगा लावू. ह्याचं नोझल मोठं हाय, तुमच्या टाकीत नीट बसायचं न्हाई. बसलं तरी फेस हुन बाहेर उडंल. आन् मागनं ट्रक आला की त्याला खालचं काय दिसत न्हाई."

"तू टाक रं. का मालकाला फोन लावू?"

गावच्या सोसायटीत संचालक झाल्यापासून ह्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर हे एकच औषध आहे. तो खाली उतरला, दत्ताच्या समोर उभा राहिला आणि खरंच फोन लावू लागला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलीकडच्या रांगेतली माणसं आमच्याकडे बघत होती.

तेवढ्यात मागे उसाचा ट्रक येऊन लागला. केबिनच्या वर ऊस बाहेर आलेला, आणि हॉर्न असा की मांडीवरचा नारळ हलला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "ए पांढरी! तुजी लाईन तिकडं हाय! कारखान्यावर माजा नंबर जाईल ना!"

सत्यजीतने वळूनही बघितलं नाही. माणसाला स्वतःचं चुकतंय हे कळलं की तो असाच पाठ करून उभा राहतो.

आत्यांचं मात्र वेगळंच चाललं होतं. "सुलक्षणा, त्या शोरूमच्या पोरांनी मागच्या चाकांना लिंबं ठिवली हुती का गं?"

"पुढच्या चाकांना ठेवली होती."

"म्हंजी मागची तशीच? आन् आता पोटात तेल घालणार? पयलं तेल जायच्या आदी चारी चाकांना लिंबू लागतं. त्याबिगर न्हाई."

"आत्या, घरी ठेवू की."

"घरी कवा? तवर तेल जाईल की." ताटातली दोन लिंबं उचलून त्या दार उघडून खाली उतरल्यासुद्धा. आत्यांना थांबवणं सासरे हयात असताना त्यांनाही जमलं नाही, तिथं माझी काय कथा! ताट माझ्याकडे सरकवलं होतं, कुंकू सीटवर सांडत होतं. मी ते सावरत बसले.

मान वर केली तर मागच्या काचेतून ट्रकची जाळी दिसली. मघाशी दिसत होती त्यापेक्षा जवळ.

उजव्या अंगाने एक लाल गाडी आमच्या आणि ट्रकच्या मधल्या जागेत घुसायला बघत होती. आम्हाला बघून तिलाही धीर आला असणार. ट्रकवाला हॉर्न दाबून धरून, उजवीकडे तिच्यावर डोळा ठेवून ती फट बुजवायला निघाला होता. आणि त्याच फटीत, आमच्या मागच्या चाकापाशी, आत्या उकिडव्या बसत होत्या. काचेच्या तळाशी मला त्यांचा हिरवा पदर खाली जाताना तेवढा दिसला.

"आत्या!" मी ओरडले. ताट, पेढे सगळं टाकून डाव्या दारातून उडी मारली. एक लिंबू घरंगळत गाडीखाली गेलं होतं आणि त्या वाकून, हात लांब करून ते शोधत होत्या. हॉर्नमध्ये त्यांना काही ऐकू येत नव्हतं. आत शिरून ओढावं तर बंपर त्यांच्या पाठीपासून हातभर राहिलेला. गेले असते तर दोघीही गेलो असतो.

सत्यजीतनेही बघितलं. त्याच्या हातातला फोन खाली पडला. तो धावत ट्रकच्या डाव्या अंगाला गेला आणि पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागला. धाड धाड धाड धाड. "थांब! थांब! आई हाय माजी!" ड्रायव्हर बसलेला पलीकडे, उजवीकडे. त्याला हा दिसणं शक्य नव्हतं. ओरडणं हॉर्नने खाल्लं. पोचत होत्या त्या फक्त थापा.

ट्रक थांबला नाही. पुढेच आला.

आणि मला उमगलं. माझे वडील शिरूर डेपोला कंडक्टर होते. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ट्रकच्या पत्र्याचंही तेच. खाली उतरलेला जोडीदार एक थाप देतो तेव्हा गाडी जागेवर थांबते. थापेवर थाप पडत राहिली की त्याचा अर्थ एकच, येऊ दे, येऊ दे. माझा नवरा जीव तोडून त्या ट्रकला पुढे बोलवत होता.

मी त्याचे दोन्ही हात मनगटाला धरून खाली ओढले. त्याला वाटलं मला वेड लागलं. "सोड! आई..." त्याने मला हिसडा दिला. मी सोडलं नाही. अंगाने त्याला पत्र्यापासून दूर ढकललं, एक हात मोकळा केला आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून थाप मारली.

एकच.

हात पुन्हा वर गेला होता. आणखी मार, आणखी मार, असं सगळं अंग म्हणत होतं. मी तो हात दातात धरला. आयुष्यात इतकं अवघड मी काही केलेलं नाही.

फुस्स करून ब्रेक लागले.

मी पुढे धावले. बंपर आत्यांच्या अंबाड्याला टेकला होता आणि त्यांचं कपाळ आमच्या गाडीला. मध्ये त्या अंग चोरून बसलेल्या, मुठीत लिंबू.

"कोण ढकलतंय रं मला?" त्या म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरला होता. पुढे येऊन त्याने बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो परत वर चढला, ट्रक इंच इंच मागे घेतला आणि पुन्हा खाली आला. पन्नाशीचा माणूस. सत्यजीतने त्याची कॉलर धरली.

"आंधळा हाईस का? मी एवढा बोंबलतोय, पत्रा बडवतोय, तुला कळंना?"

"मारा मालक, मारा मला," तो म्हणाला. "पर बडवत हुता म्हणूनच तर आलो. मला वाटलं आमचा क्लीनर, गेणबा, खाली उतरून थाप देतोय. येऊ दे म्हणतोय. मग योक थाप आली, तवा थांबलो की जागेवर."

कॉलर सुटली. सत्यजीतने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्याला जे कळायचं ते कळलं.

आत्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. बसल्या जागेवरून त्यांनी लेकापुढे हात केला. "हात दे की रं. असा काय बघतोस?"

त्याने हात दिला नाही. तळवे लाल झाले होते, उसाच्या ट्रकची धूळ त्यांना लागली होती. ते दोन्ही त्याने पाठीमागे नेले. शेवटी मीच आत्यांना काखेत धरून उठवलं.

"आई," तो म्हणाला, "मी त्याला चल म्हणत हुतो गं."

"कुणाला?" आत्यांनी विचारलं.

ट्रककडे बघत त्याने ते लाल तळवे तिच्यासमोर धरले.