इतर मान्यवर

रजनी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीची कॉर्पोरेट कम्युनिकेशनची प्रमुख. सव्वीस वर्षं तिने साहेबलोकांची भाषणं लिहिली, पत्रकारांना तोंड दिलं, कंपनीच्या भानगडी निस्तरल्या. अशा बाईला हसनाबादच्या लग्नातला माईक म्हणजे हातचा मळ, असं तिच्यासकट सगळ्यांनाच वाटलं. त्यामुळे भावाच्या लेकीच्या, गंधालीच्या लग्नात नेहमी माईकवर नावं पुकारणाऱ्या मच्छिंद्रचा ऐनवेळी घसा बसला, तेव्हा रजनीचे वडील भुजंगराव छाती फुगवून म्हणाले, "आपली रजनी हाय ना!"

मच्छिंद्रने दिलेली स्वागताची यादी दोनशे नावांची. ती पाहून रजनीचे हात शिवशिवले. लांबलेला मजकूर दिसला की कापायचा, ही तिची जुनी खोड. तिने अठराच नावं ठेवली आणि खणखणीत आवाजात शेवट केला, "आणि इतर मान्यवर, आपणा सर्वांचं सहर्ष स्वागत!"

अहो, गावाकडच्या लग्नाला 'इतर' म्हणून कुणी येतं का? माणूस भाड्याची जीप करून दोन तालुके ओलांडून येतो, तो मांडवात आपलं नाव घुमावं म्हणून. जेवण काय, घरीही मिळतं.

नवरदेवाचे मामा तातेराव अंकुशनगरहून आले होते. 'इतर' ऐकताच ते उठले आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन बसले. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरदेवापुढे अंतरपाट धरायचा कसा? भटजी घड्याळ बघू लागले. भुजंगरावांचं तोंड एवढंसं झालं.

ते पाहून रजनीने सवयीने माईक उचलला. "अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास आयोजक दिलगिरी व्यक्त करतात."

झालं! ज्यांच्या ध्यानातही नव्हतं, असे आणखी नऊ जण उठून लिंबाखाली गेले.

आता मात्र रजनी माईक ठेवून भर उन्हात चालत गेली. "मामा, चुकलं माझं. यादी मीच कापली."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. कंपनीसाठी तिने ढीगभर माफीपत्रं लिहिली होती, पण 'चुकलं' हा शब्द एकातही नव्हता.

तातेराव मिशीतल्या मिशीत हसले. "माझ्या एकट्याचं न्हाई, ताई. हे बी सगळे बसून राह्यले ना? सगळ्यायचं नाव घ्या, मंग येतो आम्ही बराबर."

मुहूर्ताला वीस मिनिटं होती. रजनीने दोनशेच्या दोनशे नावं गावांसकट पुकारली, आणि भरात येऊन यादीबाहेरचे आचारी, बँडवाले, पाण्याचे टँकरवालेही घेतले. प्रत्येक नावाला कुठंतरी एक फेटा ताठ व्हायचा, कुणी बाई पदर सावरून शेजारणीकडे बघायची. रजनीला मोठी मौज वाटली. तिच्या एकाही पत्रकाने इतकी माणसं खूश झाली नव्हती.

तातेराव येऊन नवरदेवामागे उभे राहिले. भटजींनी तोंड उघडलं, तोच मामांनी रजनीच्या हातातला माईक काढून घेतला.

"एक नाव राह्यलं! भुजंगरावांची लेक, पुण्याच्या मोठ्या साहेब, रजनीताई, यांचं सहर्ष स्वागत!"

एवढी वर्षं ती दुसऱ्यांची नावं लिहून पडद्यामागे उभी राहत आली होती. तिचं नाव आजवर कोणी पुकारलं नव्हतं. मांडवभर टाळ्या कडाडल्या. भुजंगराव तर उठून उभे राहिले.

त्या लग्नात नवरीच्या आधी आत्याच रडली.